गाभा बदलताना बाहेरच्यांचे काय?

दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर वाघाडचे धरण आहे. त्याच्या कालव्याच्या शेपटाला ओझरचा परिसर येतो, आणि शेपटाकडच्या शेतकऱ्याच्या नशिबी जे असते तेच तेथे होते: कालवा होता, पाणी नव्हते. १९९० च्या सुमारास समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने तेथे तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. पुढे वाघाड प्रकल्पावर अशा २४ संस्था झाल्या. पाण्याच्या संदर्भात ही हकिगत अनेकदा सांगितली गेली आहे. आपल्याला येथे तिच्यातला एकच भाग हवा आहे, तो म्हणजे पाटबंधारे खाते आणि संस्था यांच्यातल्या कराराचा आकार.

चारीच्या तोंडाशी घनमापन पद्धतीने मोजून ठरलेले पाणी द्यायचे, हे खात्याचे वचन. ते पाणी तेथपर्यंत कसे आणले, कालव्याला अस्तर केले की नाही, दारे कोणत्या प्रकारची बसवली, हा सारा खात्याचा प्रश्न. तोंडाच्या खाली ते पाणी द्राक्षाला द्यायचे की गव्हाला, कोणाची पाळी आधी आणि कोणाची नंतर, हा प्रश्न संस्थेचा. दोन्ही बाजू आपापल्या हद्दीत हवा तो बदल करू शकतात. मोजण्याच्या जागेला मात्र कोणी हात लावायचा नाही.

आता कालव्यावर डोंगळा टाकणाऱ्याचा विचार करा. भरावावरून वाकवून टाकलेला पाइप, वक्रनलिकेच्या तत्त्वावर पाणी ओढणारा. हा माणूस चारीच्या तोंडावर अवलंबून नाही. तो अवलंबून आहे त्या ठिकाणच्या कालव्याच्या खोलीवर, भरावाच्या उतारावर, पाण्याच्या पातळीवर. म्हणजे ज्यांच्याबद्दल त्याला कोणीच काही वचन दिलेले नाही अशा गोष्टींवर. उद्या खात्याने तळ खोल केला, की पाइपचे तोंड हवेत लोंबकळते. खाते म्हणेल, “आम्ही तुला कधी काय कबूल केले होते?” आणि कायद्याने ते खरेच असेल.

संगणकाच्या कार्यप्रणालीत गेली चाळीसहून अधिक वर्षे नेमका हाच पेच आहे. फरक इतकाच, की तेथे डोंगळा टाकणारा चोर नसतो. बहुतेक वेळा त्याला बोलावून, जागा दाखवून पाइप टाकायला सांगितलेले असते.

थोडे मुळापासून पाहू. संगणकावर आपण जे काही वापरतो, म्हणजे पत्र लिहिण्याची आज्ञावली, गुणपत्रकाचा तक्ता, चित्रफीत, ते सारे कार्यप्रणालीच्या एका गाभ्यावर उभे असते. इंग्रजीत त्याला कर्नल म्हणतात. मेमरी कोणाला किती द्यायची, प्रोसेसरचा वेळ कसा वाटायचा, यंत्राच्या भागांशी कसे बोलायचे, ही गाभ्याची कामे. यांतले शेवटचे काम सर्वांत किचकट, कारण यंत्राचे भाग हजारो प्रकारचे. प्रत्येक प्रिंटरची, प्रत्येक वाय-फाय चिपची भाषा वेगळी. ती भाषा जाणणारा जो तुकडा गाभ्याला जोडावा लागतो, तो ड्रायव्हर. लिनक्सच्या गाभ्याचा संपूर्ण मजकूर पाहिला तर त्याचा निम्म्याहून अधिक भाग नुसत्या ड्रायव्हरांचा आहे.

म्हणजे गाभ्याला दोन सीमा आहेत. एक वरची: आज्ञावली गाभ्याकडे काही मागतात ती. ‘ही फाइल उघड’, ‘हे अक्षर पडद्यावर टाक’. ही झाली चारीच्या तोंडासारखी सीमा. विनंत्यांची यादी ठरलेली, त्यांचे अर्थ ठरलेले. दुसरी सीमा आतली. ड्रायव्हर बहुधा गाभ्याच्या आत राहूनच काम करतो, कारण त्याला यंत्राशी थेट आणि झटपट बोलायचे असते. तो गाभ्याची अंतर्गत साधने वापरतो: ‘मला इतकी मेमरी दे’, ‘दहा मिलिसेकंदांनी उठव’, ‘मी काम संपवेपर्यंत या नोंदीला दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नकोस’. ही साधने गाभा लिहिणाऱ्यांनी मुळात स्वतःच्या सोयीसाठी केलेली असतात, आणि सोय बदलली की तेही ती बदलतात.

ड्रायव्हर बाहेरच्या माणसाने लिहावा आणि मागाहून जोडावा, ही सोय घरगुती संगणकांत प्रथम ठळकपणे आली ती १९८३ साली, एमएस-डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत. एका साध्या मजकुराच्या फाइलीत ‘डिव्हाइस’ असे लिहून पुढे ड्रायव्हरचे नाव दिले, की संगणक सुरू होताना तो आत घेतला जाई. ही सोय फार मोलाची होती. यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांना मायक्रोसॉफ्टच्या दारात उभे न राहता आपले यंत्र विकता येऊ लागले. पण त्याच दिवशी मायक्रोसॉफ्टच्या पायात एक बेडीही पडली. आता गाभ्यात बदल करताना जगभरच्या अनोळखी लोकांनी लिहिलेल्या, आपण कधी न पाहिलेल्या तुकड्यांचा विचार करणे आले.

मायक्रोसॉफ्टने ही बेडी बराच काळ मुकाट्याने वागवली, आणि अधूनमधून एकदम झटकली. विंडोज ९५ च्या घराण्यातले ड्रायव्हर एका पद्धतीचे आणि विंडोज एनटीचे दुसऱ्या. १९९८ मध्ये दोघांसाठी मिळून एक नवी पद्धत काढली. २००१ च्या एक्सपीने जुन्या घराण्याची वाट घरगुती वापरातूनही बंद केली. २००७ च्या सुरुवातीस बाजारात आलेल्या व्हिस्टाने पडद्याच्या चित्रणाची आणि ध्वनीची व्यवस्था नव्याने मांडली. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये तर ३२ बिटांचा ड्रायव्हर चालतच नाही, मग तो कितीही चांगला लिहिलेला असो. शाळेत नवा संगणक आला आणि जुना, धडधाकट स्कॅनर त्याला जोडताच मुका झाला, हा अनुभव पुष्कळांना असेल. स्कॅनरमध्ये काहीही बिघडलेले नसते. त्याच्या वतीने बोलणारा तुकडा जुन्या दरबाराची भाषा बोलतो, आणि तो तुकडा पुन्हा लिहिण्यात कंपनीला रस नसतो, कारण तिला नवा स्कॅनर विकायचा असतो.

लिनक्सने वेगळी वाट धरली. फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेल्या या गाभ्याचा मजकूर सर्वांना खुला आहे. त्याने दोन सीमांना दोन वेगळे नियम लावले. वरच्या सीमेवर नियम अत्यंत कडक: काल चालणारी आज्ञावली गाभा बदलल्यामुळे आज बंद पडता कामा नये. बंद पडली तर चूक गाभ्याची, आज्ञावलीची नव्हे. बदल मागे घ्यायचा. आतल्या सीमेवर मात्र कसलेच वचन नाही. गाभ्यासोबत जे दस्तऐवज दिले जातात त्यांतच ग्रेग क्रोआ-हार्टमन यांचे एक टिपण आहे. आतली सीमा स्थिर ठेवण्याची मागणी हाच मुळात खुळेपणा आहे, असे त्याच्या नावातच म्हटले आहे. त्यात उदाहरण दिले आहे ते यूएसबीचे: त्या विभागाची आतली रचना किमान तीनदा नव्याने करावी लागली. आधीची रचना टिकवून ठेवली असती, तर जुन्या चुकाही जन्मभर वागवाव्या लागल्या असत्या.

मग ड्रायव्हरवाल्यांनी करायचे काय? टिपणाचे उत्तर सरळ आहे. ड्रायव्हर बाहेर ठेवूच नका, आम्हाला द्या. तो एकदा गाभ्याच्या मजकुरात सामील झाला, की जो कोणी आतले साधन बदलेल, त्यानेच ते साधन वापरणारे सगळे ड्रायव्हर दुरुस्त करायचे. बदलाचा खर्च बदल करणाऱ्याच्या माथी.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते एका उदाहरणाने पाहू. ‘अमुक वेळाने मला उठव’ या गजरासाठी ड्रायव्हर पूर्वी गाभ्याला तीन गोष्टी देत असे: वेळ, त्या वेळी चालवायच्या कृतीचा पत्ता, आणि त्या कृतीच्या हाती द्यायची एक संख्या. या संख्येच्या जागी बहुतेक ड्रायव्हर आपल्याच नोंदवहीचा पत्ता ठेवत. वर्षानुवर्षे हे चालले. पण कृतीचा पत्ता आणि संख्या मेमरीत शेजारी शेजारी राहत. एखाद्या घुसखोराला तेवढ्या जागेवर लिहिण्याची फट मिळाली, तर काय चालवायचे आणि कशावर चालवायचे, हे दोन्ही त्याच्या हाती जाई. म्हणून पद्धत बदलली. आता कृतीच्या हाती त्या गजराचाच पत्ता दिला जातो आणि त्यावरून ड्रायव्हर आपली नोंदवही शोधून काढतो. जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या ४.१५ या आवृत्तीतून जुनी पद्धत काढून टाकली गेली.

गाभ्याच्या आत असे गजर शेकडो ठिकाणी होते. ते सर्व बदल करणाऱ्यांनीच बदलले. अशा सरसकट दुरुस्त्यांसाठी फ्रान्समध्ये तयार झालेली ‘कॉक्सिनेल’ नावाची आज्ञावली वापरतात. ‘जेथे जेथे अशी रचना दिसेल तेथे तशी करा’ असा नियम तिला एकदा सांगितला, की ती सारा मजकूर चाळते. फ्रेंच भाषेत हे नाव लेडीबर्ड भुंगेऱ्याचे आहे. द्राक्षबागेतील पिठ्या ढेकूण फस्त करणारा मित्रकीटक याच कुळातला, तेव्हा दिंडोरीच्या बागाइतदाराला हे नाव का ठेवले ते वेगळे सांगायला नको.

बाहेर राहिलेल्या ड्रायव्हरचे काय झाले? तो नव्या गाभ्यासाठी पुन्हा बांधायला घेतला, की बांधणीच अडू लागली. हे अडणे चांगले असते, कारण दोष निदान दिसतो. धोका असतो तो आधीच बांधलेला तयार तुकडा नव्या गाभ्यात तसाच घातला तर. समजा, गाभ्याच्या एखाद्या नोंदीत मधोमध एक नवा रकाना आला. जुना तुकडा सातव्या रकान्यात जन्मतारीख आहे असे समजून वाचतो आणि तेथे आता गुण असतात. त्रुटी कळत नाही, नुसता गोंधळ होतो, आणि गाभ्याच्या आतला गोंधळ म्हणजे सारा संगणक ठप्प. यासाठी लिनक्समध्ये एक पहारा ठेवता येतो. प्रत्येक अंतर्गत साधनाच्या घडणीवरून एक तपासणी-संख्या काढायची, ड्रायव्हर बांधताना ती त्याच्यात नोंदवायची आणि आत घेताना ताडून पाहायची. जुळली नाही तर प्रवेश नाही.

बाहेरच्या ड्रायव्हरवाल्यांनीही आपले उपाय शोधले. ‘गाभा ४.१५ च्या आधीचा असेल तर असे कर, नंतरचा असेल तर तसे कर’ अशा अटी ड्रायव्हरच्या मजकुरात घालायच्या. दहा वर्षे जगलेल्या ड्रायव्हरमध्ये या अटी इतक्या साचतात, की मूळ काम कोठे आहे ते शोधावे लागते. शहाणी माणसे म्हणून सगळ्या अटी एका वेगळ्या फाइलीत गोळा करतात: मुख्य मजकूर नेहमी नव्यात नव्या गाभ्यासाठी लिहिलेला, आणि जुन्या गाभ्यावर ‘नवे’ साधन जुन्यातून उभे करून देण्याचे काम त्या फाइलीचे. जुना गाभा सोडून द्यायची वेळ आली, की त्या फाइलीतले चार परिच्छेद खोडले, काम झाले. डेल कंपनीने २००३ च्या सुमारास आणखी एक सोय केली. गाभा बदलला, की बाहेरचे ड्रायव्हर त्या त्या संगणकावर आपोआप पुन्हा बांधले जावेत. मात्र मूळ मजकूर हाती असेल तरच हे शक्य.

रेड हॅट या कंपनीने मधला मार्ग काढला. ती आपल्या व्यावसायिक ग्राहकांना एक गाभा वर्षानुवर्षे पुरवते, आणि तेवढ्या मुदतीपुरते काही निवडक अंतर्गत साधनांचे वचन देते. यादी छापील, बाकीच्यांची हमी नाही. पुढे नोंदी वाढाव्या लागणार हे ठाऊक असल्याने तिचे अभियंते आधीच नोंदींच्या शेवटी रिकामे रकाने सोडून ठेवतात. हजेरीपत्रकात जूनमध्येच दोन कोरे रकाने आखून ठेवणारे शिक्षक त्यांना लगेच समजून घेतील.

आता आपल्या राज्यातल्या एका प्रकरणाकडे येऊ. स्वस्त टॅब्लेट विद्यार्थ्यांच्या हाती द्यायचा, या केंद्र सरकारच्या ‘आकाश’ योजनेचा पहिला टॅब्लेट ५ ऑक्टोबर २०११ रोजी आला. तो संथ होता, त्याच्या पडद्याबद्दल तक्रारी झाल्या. २०१२ मध्ये काम पवईच्या आयआयटी मुंबईकडे आले. प्राध्यापक दीपक फाटक आणि कन्नन मौद्गल्य यांचे नाव त्याच्याशी जोडले गेले. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश २’ चे प्रकाशन झाले. सात इंची पडदा, ५१२ मेगाबाइट मेमरी, १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, अँड्रॉइड ४.०. सरकारला एक नग २,२६३ रुपयांना पडत होता. या किमतीत त्या वेळी हे खरोखर अचाट होते.

प्रोसेसर होता चीनमधील ऑलविनर कंपनीचा ए१३. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच गाभा असतो. पण चिप कंपन्यांची रीत अशी होती, की लिनक्सची एक विशिष्ट आवृत्ती उचलायची, तिच्यात आपले ड्रायव्हर आपल्या पद्धतीने बसवायचे, आणि ते गाठोडे टॅब्लेट बनवणाऱ्याला द्यायचे. मूळ लिनक्स पुढे जाई. गाठोडे तेथेच राही. ऑलविनरने यंत्राचे वर्णन लिहिण्याची पद्धतही स्वतःची वेगळीच काढली होती. चित्रण करणाऱ्या माली-४०० या भागाची अडचण आणखी खोल होती. त्याच्या ड्रायव्हरचा गाभ्यातला अर्धा भाग खुला, पण वरचा अर्धा बंद पेटीत. आणि दोन्ही अर्ध्यांच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळाव्या लागत. गाभा पुढे नेला तर खुला अर्धा दुरुस्त करता येई, बंद अर्ध्याचे काय करणार?

आयआयटी मुंबईतील गटाने आकाशवर मेमरी कार्डातून साधे लिनक्स चालवून दाखवले. शिक्षणाच्या दृष्टीने त्यांची दिशा योग्य होती असे आम्हाला वाटते; विद्यार्थ्याला यंत्र उघडून पाहता आले पाहिजे. पण त्या कामालाही चिप कंपनीच्या गाठोड्याचाच आधार घेणे भाग होते. आकाश मागे पडण्याची कारणे अनेक आहेत; पुरवठा, दर्जा, सरकारी निर्णय. तो केवळ ड्रायव्हरमुळे थांबला असे म्हणणे बरोबर होणार नाही. तरी त्या पिढीच्या सगळ्याच स्वस्त टॅब्लेटांचे आयुष्य कोठे अडकले होते, हे यातून दिसते. यंत्र शाबूत असतानाही सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबत आणि नव्या आज्ञावली चालेनाशा होत, कारण आतला गाभा एका बाहेरच्या गाठोड्याला बांधलेला असे.

मधल्या काळात काही स्वयंसेवकांनी आणि छोट्या कंपन्यांनी ऑलविनरच्या चिप्स मूळ लिनक्समध्ये आणण्याचे काम हाती घेतले होते. चिप कंपनीच्या मजकुरात ठिगळे न लावता त्यांनी ड्रायव्हर बहुतांशी नव्याने लिहिले, एकेक करून सामील करवले. फेब्रुवारी २०१३ च्या ३.८ या आवृत्तीत ए१३ ला प्राथमिक आधार मिळाला. पडद्यावर चित्र उमटवणारा ड्रायव्हर २०१६ साली ४.७ मध्ये आला. माली-४०० चा पूर्ण खुला ड्रायव्हर, ‘लिमा’ नावाचा, २०१९ च्या जुलैत ५.२ मध्ये. म्हणजे आकाश २ नंतर जवळजवळ सात वर्षांनी. २०१२ साली अकरावीत असलेली मुलगी तोवर पदवी घेऊन नोकरीला लागली असेल.

या वर्षांत गूगललाही कळून चुकले होते, की ‘ड्रायव्हर आम्हाला द्या’ हे लिनक्सचे उत्तर चिप कंपन्या ऐकत नाहीत. २०१७ च्या अँड्रॉइड ८ मध्ये त्यांनी चिप कंपनीचा भाग आणि अँड्रॉइडचा भाग यांच्यामध्ये एक ठरीव सीमा आखली. पुढची पायरी गाभ्याच्या आत होती. अँड्रॉइड १२ पासून, ५.१० किंवा त्यापुढचा गाभा घेऊन येणाऱ्या नव्या फोनांत गाभा सर्वांचा एकच, गूगलने बांधलेला, आणि चिप कंपनीचे ड्रायव्हर वेगळे तुकडे म्हणून जोडायचे, असे ठरले. प्रत्येक गाभ्याच्या शाखेपुरती आतल्या साधनांची यादी गोठवली जाते. पुढच्या शाखेत ती बदलू शकते. लिनक्सच्या मूळ मंडळींनी जे वचन द्यायचे नाकारले, ते गूगलने मुदत घालून दिले. आम्हाला ही तडजोड व्यवहाराची वाटते. पण चिप कंपनीने पुढच्या शाखेसाठी ड्रायव्हर पुन्हा बांधून दिले नाहीत, तर फोन तेथेच थांबतो. खर्च अजूनही शेपटाकडच्याच माथी येतो.

आणि मूळ लिनक्समध्ये सामील झालेला ड्रायव्हर तरी अमर असतो का? तसेही नाही. वापरणारे उरले नाहीत, तपासून पाहायला कोणाकडे यंत्र नाही, असे झाले की तो काढून टाकतात. ज्या ३.८ मध्ये ए१३ आत आला, त्याच ३.८ मधून इंटेल ३८६ या प्रोसेसरचा आधार काढण्यात आला. १९९१ मध्ये टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स लिहिला तो ३८६ च्याच संगणकावर.

ए१३ मात्र अजून आत आहे. एखाद्या महाविद्यालयाच्या कपाटात आकाश २ पडून असेल आणि त्याची बॅटरी फुगली नसेल, तर मेमरी कार्डावर नवा गाभा टाकून तो आजही सुरू करून पाहता येईल. स्पर्श ओळखणारी चिप आणि वाय-फायची चिप कोणत्या आहेत, हे आधी पाठीमागचे झाकण उघडून पाहावे लागेल.